संक्रांतीपर्यंत पुरणारं पुस्तक

माझ्या वडिलांना सही करता यायची. त्यापलीकडे अक्षर येत नव्हतं. तरी आमच्या घरात हिवाळ्यात कोणतं पुस्तक वाचायचं ते तेच ठरवायचे.

ते भिलाई स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते आणि आम्ही खुर्सीपारच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दरवर्षी दसऱ्याला ते दोन दिवसांची सुटी टाकून पॉवर हाऊस स्टेशनवरून नागपूरच्या गाडीत बसायचे आणि दीक्षाभूमीला जायचे. परत येताना त्यांच्या पिशवीत बाबासाहेबांची एक तसबीर, आईसाठी काचेच्या बांगड्या आणि दोन किंवा तीन पुस्तकं असायची. वाचता न येणारा माणूस पुस्तक निवडतो कसं, हे मी पहिल्यांदा नवव्या-दहाव्या वर्षी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पाहिलं. मैदानाच्या कडेला रस्त्यावर ताडपत्री अंथरून पुस्तकं मांडलेली. बाबा एक पुस्तक उचलायचे, हातावर तोलायचे, दुकानदाराला म्हणायचे, "पहिलं पान वाचून दाखवा जी." त्या गर्दीत दुकानदाराला कुठली सवड! काही जण हसायचे, काही वैतागायचे. पण कुणीतरी वाचायचाच. बाबा मान खाली घालून ऐकायचे. पहिल्या पानात कोण बोलतंय, कुठं बसून बोलतंय, हे कानाला कळलं तर पुस्तक पिशवीत. नाही कळलं तर ताडपत्रीवर परत. मग दुसरा प्रश्न, तो माझ्यासाठी: "पानं किती? संक्रांतीपर्यंत पुरते काय?"

दसरा ते संक्रांत म्हणजे साधारण तीन महिने. आमच्याकडे थंडी दिवाळीनंतर पडते, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. काश्मीरच्या मानानं ही काही थंडी नव्हे; पण वर सिमेंटचा पत्रा आणि अंगावर एकच गोधडी असली की पुरेशी असते. त्या तीन महिन्यांत संध्याकाळी गोरसीभोवती मोठ्यानं वाचायचं आणि पुस्तक मधेच संपू द्यायचं नाही, एवढाच बाबांचा हिशेब. गोरसी म्हणजे छत्तीसगढी कुंभाराचं मातीचं पसरट भांडं, निखारे ठेवण्याचं. भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्या आईनं शेगडी सोडून ही उचलली ती कायमची.

या हिवाळ्यात आमच्या घरातली पुस्तकांची पेटी उघडायची वेळ आली. घर लहान आहे, पेटी मोठी आहे आणि मराठी वाचणारी मी एकटी उरले आहे. काय ठेवायचं, काय कुणाला द्यायचं याची निवड करताना सारखं वाटत राहिलं, की ही निवड मी पहिल्यांदा करत नाही. हिवाळ्यासाठी पुस्तक निवडण्याचा मराठीत एक इतिहास आहे. त्यातला बराचसा पुण्या-मुंबईत लिहिला गेला आहे. आमच्या रेल्वेलाइनवरचा भाग कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

मराठी माणसाच्या हिवाळी वाचनाची सुरुवात दिवाळी अंकापासून होते, आणि दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ मध्ये. काशिनाथ रघुनाथ आजगावकर या गृहस्थांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक काढलं होतं. बंगालीवर त्यांचा इतका जीव, की आडनावाच्या जागी त्यांनी 'मित्र' लावलं आणि त्याच नावानं ते ओळखले गेले. १९०९ च्या दिवाळीला त्यांनी खास अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांपुढे होते असं सांगितलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये नाताळचं वाचन हा तेव्हा चांगला रुजलेला रिवाज होता. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या डिसेंबरात आली. बाहेर बर्फ, आत शेकोटी, घरातला एक जण मोठ्यानं वाचतोय आणि बाकीचे ऐकतायत, अशी ती कल्पना. ती समुद्र ओलांडून मुंबईला आली तेव्हा शेकोटी गेली आणि तिच्या जागी फराळाचं ताट आलं. चिवड्याच्या बोटांनी पानं उलटायची, दुपारच्या उन्हात गच्चीवर लोळून वाचायचं. ऊब कायम राहिली, तिची जागा बदलली.

बंगाली लोकांचे शारदीय अंक याच जातीचे. आमच्या मागच्या ओळीत एक बंगाली कुटुंब होतं. त्यांचा पूजेचा जाडजूड अंक आमच्या दिवाळी अंकाच्या आधी यायचा आणि त्या काकू तो उशीखाली ठेवून झोपायच्या. मित्रांनी बंगालीकडून काय काय घेतलं हे अभ्यासकांनी ठरवावं. मला एवढं दिसत होतं की त्या उशीखालच्या अंकाकडे माझी आई ज्या नजरेनं पाहायची, ती नजर कुठल्याच भाषेची नव्हती.

'मनोरंजन'नंतर दिवाळी अंक हा धंदाही झाला आणि साहित्याचं मोठं दारही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तक होण्याआधी 'मौज'च्या दिवाळी अंकात आली. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला आणि मुखपृष्ठावरच्या बाईसाठी अंक घेणारे लोक तयार झाले. 'आवाज'ची खिडकीची चित्रं घरातल्या मोठ्यांनी आधी पाहून मग मुलांपासून लपवायची असत. मुंबई-पुण्यात वाचनालयांनी दिवाळी अंकांची वर्गणी काढली: एकदा पैसे भरा आणि शिमग्यापर्यंत अंक बदलून न्या. यामुळे एक गोष्ट झाली. वाचकाला निवडावं लागेनासं झालं. सगळेच अंक हाताशी असले तर निवड कसली? निवडीचा खरा प्रश्न पडतो तो ज्याला एकच घेता येतो त्याला. आणि तो माणूस मराठी मुलखाच्या बाहेर राहत असेल तर आणखी.

आता आमच्या रेल्वेलाइनकडे येते. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत आली. पुढे बंगाल-नागपूर कंपनीनं ती घेतली, रुंद केली आणि १८९१ पर्यंत बिलासपूरवरून आसनसोलकडे नेऊन जोडली. या मुलखाला मराठी तोवर नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल, बिंबाजी भोसले तर रतनपूरला येऊन राहिले. पण भोसल्यांबरोबर आली ती मोडीतली कागदपत्रं. छापील मराठी पुस्तक आलं ते रेल्वेनं.

या लाइनवर झालेली पुस्तकाची सगळ्यात मोठी देवघेव १८९३ मधली आहे. नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या आणि उतरताना वॉर्डसाहेबांनी बायबलच्या नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या काढल्या आणि मग १९०० मध्ये त्याही गेल्या. हे सगळं आणि राजनांदगावचे दिवससुद्धा त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलं. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं. राजनांदगाव आमच्या खुर्सीपारपासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला. बाबांची नागपूरची गाडी तिथूनच जायची. या पुस्तकाकडे मला परत यायचं आहे.

त्याच राजनांदगावात १९५८ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरात मराठी बोलणारे मुक्तिबोध कविता हिंदीत लिहायचे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपुरात राहून मराठीत लिहायचे. एकाच घरातली दोन भावंडं, एकच लिपी, दोन भाषा. त्याही आधी, १९०० च्या जानेवारीत, माधवराव सप्रे या मराठी घरातल्या माणसानं पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं. या बाजूला आलेल्या मराठी माणसानं हिंदीला भरभरून दिलं आणि त्याचा मला अभिमान आहे. मी स्वतः तीस वर्षं हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. पण घरात मराठी कशी टिकवायची याची तजवीज या थोरांपैकी कुणी करून ठेवली नाही. ती गल्लीतल्या बायांवर पडली.

१९५६ साल आमच्या घरात दोनदा मोजलं जातं. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. माझी आई तेव्हा बारा वर्षांची, भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून आईबापांबरोबर चालत आणि मग मालगाडीसारख्या भरलेल्या गाडीनं ती तिथं गेली होती. बाबाही त्या गर्दीत होते, अर्थात तेव्हा एकमेकांना ओळखत नव्हते. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली. तोवर दुर्ग, रायपूर आणि भंडारा, नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला गेली. म्हणजे मराठी पुस्तकाचं सगळ्यात जवळचं मोठं दुकान परराज्यात गेलं. आणि नेमक्या याच वेळी त्या रेषेच्या पलीकडे मराठी माणसं हजारोंनी जाणार होती. कारण २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झालेला होता, कारखान्याचं काम सुरू होत होतं, आणि भंडारा-गोंदियाकडचे भूमिहीन मजूर गाडीत बसत होते. बाबा १९५८ मध्ये ठेकेदाराकडे माती उचलायला आले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हा ते लांब कुठंतरी उभे होते.

पुढे महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा झाला, गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. तो कायदा अर्थातच राज्याच्या सीमेपर्यंत. पलीकडे राहणाऱ्यांनी आपापलं पाहावं. रायपूर-बिलासपूरच्या महाराष्ट्र मंडळांनी पाहिलंही. तिथं कपाटं होती, वर्गणी होती, गणेशोत्सव होता. खुर्सीपारच्या कामगाराला मात्र त्या कपाटापर्यंत जायला संकोच वाटायचा. तो का वाटायचा हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

म्हणून आमच्या ओळीत पुस्तकांचे दोन झरे होते आणि दोन्ही हिवाळ्याच्या तोंडावर वाहायचे. एक दसऱ्याचा, बाबांच्या पिशवीतला. त्यातून वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या पुस्तिका आल्या, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आलं, खैरमोड्यांच्या आंबेडकर-चरित्राचा १९५२ मधला पहिला खंड कुणाकडून तरी जुना मिळाला तो आला, अण्णाभाऊंची 'फकिरा' आली. दुसरा झरा दिवाळीनंतरचा आणि तो रद्दीवाल्याकडून यायचा. सेक्टरमधल्या साहेबलोकांकडचे दिवाळी अंक वाचून झाले की वर्षा-दीड वर्षानं पॉवर हाऊसच्या बाजारात किलोवर विकायला यायचे. आई गव्हाबरोबर तेही घ्यायची. नवा एक अंक ज्या पैशांत आला असता त्यात तिला चार-पाच मिळायचे, फक्त मुखपृष्ठ नसायचं आणि बऱ्याचदा पहिली काही पानं फुटाण्याच्या पुड्यांत गेलेली असायची.

आई चौथी शिकलेली. तिची निवड बाबांपेक्षा वेगळी आणि माझ्या मते जास्त कडक. रद्दीच्या ढिगातून अंक काढायची, मधलं एक पान उघडून ओठ हलवत वाचायची. नापसंत झालेल्या एका फार नावाजलेल्या मासिकाबद्दल ती म्हणाली होती, "याच्यात कोणी जेवतच नाही." ही तिची कसोटी. गोष्टीत कुणी जेवलं पाहिजे, कुणी झोपलं पाहिजे, घरात पाहुणा आला पाहिजे. पुढे मी एम.ए. करताना नवकथेवर बरंच वाचलं; आईच्या त्या वाक्याला उत्तर देणारं काही सापडलं नाही. तिच्या कसोटीला चिं. वि. जोश्यांचे चिमणराव उतरले, माडगूळकर उतरले, आणि गोरसीला हात शेकत ती हसायची ती पु. लं.च्या चाळीला, जी चाळ तिनं जन्मात पाहिलेली नव्हती. माझा भाऊ बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पडलेला असायचा. त्या पातळ, संध्याकाळी सुरू करून रात्री संपणाऱ्या. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचं एक पुस्तक संपल्याचं दुःख कुणाला होत नाही, म्हणून बाबांच्या हिशेबात ती बसत नसत.

बाबांच्या हिशेबात सगळ्यात चपखल बसलेलं पुस्तक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आश्रमात रोज प्रार्थनेनंतर श्याम एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना त्यांनी नावंच दिली रात्र पहिली, रात्र दुसरी अशी. बेचाळीस रात्री. दिवाळी संपल्यावर सुरू करून रोज एक रात्र वाचली की नाताळाच्या आसपास संपायचं. पुस्तकानंच वेळापत्रक दिलेलं. आईला त्यातलं रडणं फार वाटायचं, पण पत्रावळ, भाकरी, खिरीचं ती मन लावून ऐकायची. बाबांना ते आवडलं, पण एक गोष्ट ते दरवेळी म्हणायचे, की या श्यामच्या घराच्या मागच्या दारापर्यंतच आपण गेलो असतो. हे ते रागानं म्हणत नसत. घराचा नकाशा सांगावा तसं सांगायचे.

मोठ्यानं वाचायचं काम माझं. दिव्याखाली बसून वाचायचं आणि कुणाला कळलं नाही तर थांबायचं. ऐकायला शेजारच्या दोन घरांतली माणसं यायची, आणि समोरच्या तेलुगू अक्काही. त्यांना मराठी फारसं कळत नव्हतं, त्या गोरसीसाठी येतात असं आम्ही समजायचो. एकदा मी वाचताना एक पान चुकून ओलांडलं तर त्याच पहिल्यांदा म्हणाल्या, "बीच का छूटा." नाईट शिफ्टवाल्यांना पहिलं अर्ध प्रकरण मिळायचं, सेकंड शिफ्टवाल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावं लागायचं. मधेच कारखान्याकडे स्लॅग ओतली की आभाळ लाल व्हायचं आणि खिडकीतून पानावर उजेड पडायचा.

याच काळात एक तिसरी जात आली, ती थेट मॉस्कोहून. प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची मराठीत छापलेली रशियन पुस्तकं. अनिल हवालदारांसारखे अनुवादक तिकडे राहून ती करत आणि मुंबईचं लोकवाङ्मय गृह ती विकत असे. भिलाईत सोव्हिएत तज्ज्ञांची कुटुंबं राहायची, पण मराठी रशियन पुस्तकं मात्र आम्हांला पुन्हा नागपूरवरूनच मिळाली, हा इतिहासाचा विनोद. जाड कागद, पक्की बांधणी, रंगीत चित्रं आणि किंमत अगदी थोडी. त्यातल्या मुलांच्या गोष्टींत सारखा बर्फ. आम्हां मुलांना बर्फ माहीत होता तो लाकडाच्या भुशात ठेवलेल्या लादीचा. घराच्या दारापर्यंत तो साचतो आणि आत समोवारावर चहा उकळतो, हे वाचताना आमच्या दहा अंशांच्या थंडीला एकदम मान मिळाल्यासारखा वाटायचा. १९९१ नंतर ती पुस्तकं यायची बंद झाली. आमच्या पेटीतली मात्र अजून सर्वांत धडधाकट आहेत.

१९८१ मध्ये रायपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष गंगाधर गाडगीळ. त्या वर्षी आधी अकोल्याला एक संमेलन होऊन गेलं होतं, हे दुसरं. मी एकोणीस वर्षांची, मैत्रिणीबरोबर सकाळच्या गाडीनं गेले. भाषणांतलं मला आज काही आठवत नाही. पुस्तकांची दुकानं आठवतात. एवढी नवी मराठी पुस्तकं मी आयुष्यात प्रथमच एका जागी पाहत होते आणि माझ्याजवळ एका पुस्तकाचे पैसे होते. दया पवारांचं 'बलुतं' येऊन तीन वर्षं झाली होती, औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघत होतं आणि त्यामुळे आमच्यासारख्यांची नावं छापून येतात हे मला ठाऊक झालं होतं. 'बलुतं' घ्यायचं ठरवूनच निघाले होते. पण शेजारच्या टेबलावर 'स्मृतिचित्रे' उघडं पडलेलं, सहज पान पाहिलं तर राजनांदगाव! आपल्या पलीकडच्या स्टेशनाचं नाव छापील मराठी पुस्तकात. बाबांची पद्धत आठवली. उभ्यानं एक पान स्वतःलाच ऐकू येईल असं वाचलं. बाई स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. घेतलं.

परतीच्या गाडीत मैत्रीण म्हणाली, तू बामणीण बाईचं पुस्तक घेतलंस, घरी काय सांगशील? मलाही धाकधूक होती. बाबांनी काही विचारलं नाही, पानं मोजून घेतली आणि पुरतंय म्हणाले.

त्या हिवाळ्याइतकं वाचन आमच्याकडे पुन्हा कधी रंगलं नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापायी होणाऱ्या हालांना ओळीतल्या सगळ्या बाया हसल्या. पुढे टिळक धर्म बदलतात, लक्ष्मीबाई वेड्यापिशा होतात, आणि माझा आवाज अडखळू लागला. धर्म बदलण्याची गोष्ट आम्ही नेहमी आमच्या बाजूनं ऐकलेली. पंचवीस वर्षांपूर्वी मैदानावर, लाखो माणसांत, पांढऱ्या कपड्यांत. इथं एक बाई एकटी, आणि ज्या देवाधर्मानं आम्हांला दाराबाहेर ठेवलं तोच सुटल्याचं तिला दुःख. माझी अपेक्षा होती आई म्हणेल, बंद कर. ती राखेत निखारा उकरत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हिचा नवरा एकटाच गेला, म्हणून हिले थंडी वाजली. आपुन तं सारेच गेलो होतो." मग मला म्हणाली, "वाच पुढं. ती बी येते पाय."

आणि लक्ष्मीबाई येतातच. पाण्याच्या, जेवणाच्या, शिवाशिवीच्या एकेका गाठीतून त्या स्वतःला सोडवतात त्या पानांवर आईनं मला दोनदा मागे नेलं. 'बलुतं' मी नंतर घेतलं. ते आमच्याकडे मोठ्यानं वाचलं गेलं नाही. बाबा पहिली काही पानं ऐकून उठले आणि म्हणाले, हे आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांना वाचून दाखव. पुस्तकाचं मोठेपण त्यांना मान्य होतं. फक्त ते हिवाळ्याचं पुस्तक नव्हतं. मला वाटतं दोन्ही निवाडे बरोबर होते, आणि ऊबदार पुस्तक म्हणजे गुळगुळीत, गोड पुस्तक असं जे हल्ली समजतात त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या चुलीपाशी बसायला मिळणं, ज्या घरात एरवी शिरता आलं नसतं तिथं, ही त्यांची ऊब होती.

बाबा गेले, मग आई. टीव्ही आला, गोरसी परसात गेली. २००० मध्ये छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आम्ही आणखी एकदा पत्ता बदलला, जागचे न हलता. माझ्या मुलानं मराठी बोलायची ती माझ्याशी, तीही हिंदीच्या चालीत. नात दहा वर्षांची आहे. तिला नागरी अक्षरं पाठ, त्यामुळे मराठी पान ती घडाघडा वाचते आणि तिला निम्मंअर्धं कळतं. 'ळ' आला की थांबते. 'चमचा'तले दोन्ही 'च' सारखेच म्हणते.

मागच्या रविवारी पेटी बाहेरच्या खोलीत ओढली आणि तिला म्हटलं, यातलं तुला एक निवड, बाकीचं मी पाहते. मी रशियन पुस्तकं वर ठेवली होती, चित्रांमुळे. ती त्यांना हात लावून पुढे गेली. 'श्यामची आई' उलटंपालटं केलं, 'स्मृतिचित्रे'चा पुठ्ठा निखळलेला पाहून हळूच परत ठेवला. तळातून तिनं काढला एक दिवाळी अंक, मुखपृष्ठ नसलेला, कडा तपकिरी झालेल्या, पहिलं पान सतरावं. कोणता अंक, कोणतं साल, मलाही सांगता येईना. अशा अंकातल्या अर्ध्या गोष्टीला आई स्वतःच्या मनानं सुरुवात जोडायची; खरी सुरुवात वेगळी असेल याची तिला कधी फिकीर नव्हती.

नात मांडी घालून बसली आणि सतराव्या पानावरची पहिली ओळ मोठ्यानं वाचली. कुणीतरी भाकरी मोडून ताटात ठेवत होतं. मग मान वर करून म्हणाली, "आजी, इसके पहले का कहाँ है?"

"मराठीत विचार," मी म्हटलं, आणि सुरुवात शोधू लागले.